बॉनेट कुणी उघडायचं?

खंडेनवमीला आमच्या कोल्हापूरच्या घरी वडील पाटावर लाल कापड अंथरून हत्यारं मांडायचे. विळी, कोयता, हातोडी, करवत, आणि त्यांच्या शेजारी गोटी पान्यांचा डबा, प्लग पाना, पक्कड आणि घडी घातलेला पॉलिश पेपरचा तुकडा. हा कागद पूजेत कशाला, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "गाडी त्याच्यावर चालते गं." खोटं नव्हतं ते. आमच्याकडे जुनी पद्मिनी होती. पावसाळी हवेत तिचे पॉइंट, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, काजळायचे आणि सेल्फ नुसताच घरघरत राहायचा. वडील डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायचे, पॉइंटांच्या फटीतून पॉलिश पेपर चार वेळा ओढायचे, फुंकर मारून टोपी बसवायचे. गाडी सुरू. मे महिन्यात खंबाटकी चढताना ती बंद पडली, तर बॉनेट उघडून इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवून झाडाखाली बसायचं. उष्णतेने पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि ते पुढे जात नाही, हे मला सातवीत माहीत होतं. वडील बँकेत कारकून होते. मेकॅनिकीशी त्यांचा संबंध एवढाच, की गाडी त्यांची होती.

आता मी पुण्यात राहते. सोसायटीत बहुतेक घरांत गाडी आहे, दसऱ्याला प्रत्येक गाडीला झेंडूचा हार असतो. गेल्या मार्चमध्ये एका रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये माझ्या गाडीचं ऑइल बदललं. खाली ट्रे होता, जमिनीवर एक थेंब सांडला नाही. तरी मंगळवारी नोटीस बोर्डावर कागद लागला : 'पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करण्यास सक्त मनाई आहे.' कमिटीतल्या एका काकांनी समजावणीच्या सुरात सांगितलं, "अहो मॅडम, दोन-चारशे रुपयांसाठी कशाला हे हात काळे करायचे? सर्व्हिस सेंटर आहेत की."

या वाक्याला सविस्तर उत्तर द्यायचं म्हणून हा लेख. माझं म्हणणं असं : गाडीची बारीक कामं मालकाने स्वतः करायला शिकलं पाहिजे, जोखमीची कामं भरवशाच्या मिस्त्रीकडे दिली पाहिजेत, आणि या दोघांच्याही हातातून गाडी काढून घेणारी जी व्यवस्था उभी राहते आहे तिच्याशी दोघांनी मिळून भांडलं पाहिजे. 'स्वतः करायचं की गॅरेजला द्यायचं' या वादात मालक एका बाजूला आणि मिस्त्री दुसऱ्या बाजूला उभे केले जातात. मला ते एकाच बाजूला दिसतात.

आधी पैशाचं बोलू, कारण काकांचा मुद्दा पैशाचा होता आणि तो बरोबर होता. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. पुण्यात असताना त्याने कधी स्टेपनीसुद्धा बदलली नव्हती. तिकडे तो स्वतः ब्रेक पॅड बदलतो, कारण तिथे वर्कशॉपचा तासाचा दरच शंभर डॉलरच्या पुढे आहे, आणि घराला लागून दोन गाड्यांचं बंदिस्त गॅरेज आहे. दोन रविवारांत हत्यारांचे पैसे वसूल होतात. आपल्याकडे हे गणित बसत नाही. माझ्या छोट्या पेट्रोल गाडीचं ऑइल आणि फिल्टर बदलायला गल्लीतले मिस्त्री तीनशे रुपये घेतात. ऑइल आणि फिल्टर तर मलाही विकतच आणावे लागतात. म्हणजे वर्षातून एक रविवार घालवून मी वाचवते तीनशे रुपये. जॅक, दोन जॅक-स्टँड, ट्रे, फिल्टर पाना यांचा खर्च धरला तर पहिली काही वर्षं तोटाच. अमेरिकन व्हिडिओ बघून 'बचत होते' म्हणून या कामात उतरणाऱ्याला मी आधीच सांगेन, बचत फारशी होणार नाही.

मग कशासाठी? गाडीचा केबिन फिल्टर, म्हणजे एसीची हवा गाळणारा फिल्टर, बहुतेक छोट्या गाड्यांत डाव्या सीटसमोरच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी आत दाबला की खाली लोंबकळतो, मागे एक आडवी पट्टी दिसते, तिची खिटी सोडली की फिल्टर बाहेर ओढता येतो. एकाही हत्याराची गरज नाही. पाच मिनिटांचं काम. दोन वर्षांपूर्वी मी गाडी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली होती. बिल साडेअकरा हजार आलं, त्यात केबिन फिल्टर बदलल्याची ओळ होती आणि त्याचं लेबर वेगळं लावलं होतं. तीन आठवड्यांनी एसीला कुबट वास यायला लागला म्हणून मी ग्लोव्ह बॉक्स खाली केला. बाहेर आला तो मातीने तपकिरी झालेला, घड्यांमध्ये कडुनिंबाची वाळकी पानं अडकलेला फिल्टर. एका घडीत मेलेली माशी होती. हा फिल्टर तीन आठवड्यांचा नव्हता, निदान दोन पावसाळ्यांचा होता.

बिल आणि फिल्टर दोन्ही घेऊन मी गेले. काउंटरवरच्या तरुण ॲडव्हायझरने पहिला प्रश्न विचारला, "साहेब आलेत का बरोबर?" पुढे पैसे परत मिळाले, दिलगिरीही मिळाली. पण त्या दिवसापासून एक प्रश्न मला सोडत नाही. त्याच बिलात थ्रॉटल बॉडी क्लीनिंग होतं, इंजिन डिकार्बोनायझिंग होतं, एसी डिसइन्फेक्टंट होतं, ब्रेकची साफसफाई होती, 'कंझ्युमेबल' या नावाखाली आणखी एक रक्कम होती. यांतलं काय खरंच झालं? फिल्टर उघडून पाहता आला म्हणून समजलं. बाकीचं मला बघता येत नव्हतं, म्हणून मी त्याचे पैसे भरून घरी आले होते.

स्वतः काम करण्याचं खरं मोल इथे आहे. ज्याने एकदा एअर फिल्टर बाहेर काढून उजेडात धरला आहे, त्याला 'बदलावा लागेल' आणि 'अजून पाच हजार किलोमीटर चालेल' यातला फरक डोळ्यांनी कळतो. ज्याने एकदा डिपस्टिक पुसून, परत घालून, ऑइलची खूण पाहिली आहे, त्याला 'ऑइल कमी झालंय मॅडम, टॉप-अप करावा लागेल' हे वाक्य घाबरवत नाही. दहातली नऊ कामं तुम्ही पुन्हा मिस्त्रीकडेच दिलीत तरी चालेल. पण एकदा केलेलं असलं की समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या भाषेत बोलतो, हा माझा अनुभव आहे, आणि बाई म्हणून तो दुप्पट खरा आहे.

कुठली कामं घरी करावीत याबद्दल मी फार ताणणार नाही. वायपरचं रबर, एअर आणि केबिन हे दोन्ही फिल्टर, हेडलाइटचा बल्ब, फ्यूज, बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावणं, स्टेपनी बदलणं, टायरची हवा, कूलंटची पातळी. इथपर्यंत कुणालाही जमतं. ऑइल बदलणं याच्या एक पायरी वर. तिथे दोन गोष्टी पाळायच्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, खाली स्टँड लावायचेच. आणि ऑइल चेंबरचा बोल्ट ताकद दाखवायला आवळायचा नाही. चेंबर ॲल्युमिनियमचं असेल तर आटे मरतात, मग तीनशे रुपयांचं काम लेथवाल्यापर्यंत जातं.

ब्रेक मात्र मी एकटीने केले नसते, आणि कुणी करावेत असंही मला वाटत नाही. मी ते धनकवडीतल्या आमच्या मिस्त्रीकाकांच्या समोर केले. चाक काढलं, पॅडना डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचा खालचा बोल्ट सोडून तो वर उचलला, झिजलेले पॅड काढले. नवे पॅड जाड असतात, त्यांना जागा व्हावी म्हणून पिस्टन आत दाबावा लागतो. ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण उघडून क्लॅम्पने हळूहळू दाबला. पॅड बसले, चाक बसलं, नट आवळले. मी हात पुसून सीटवर बसले आणि किल्ली फिरवणार, तेवढ्यात काका म्हणाले, "ताई, आधी पॅडल मारा." मारलं. पायाखाली काहीच लागलं नाही, पॅडल सरळ फ्लोअरला टेकलं. दुसऱ्यांदा थोडं जड लागलं. चौथ्या-पाचव्या वेळी ते हवं तिथे घट्ट झालं. आत दाबलेला पिस्टन पॅडपर्यंत परत यायला तेवढे दाब लागतात. गाडी तशीच सुरू करून रस्त्यावर काढली असती तर पहिला ब्रेक लागलाच नसता. व्हिडिओत ही गोष्ट असते, पण तो पाहताना ती एका कानाने आत येते आणि दुसऱ्या कानाने बाहेर जाते. काकांच्या त्या चार शब्दांनंतर मी ती मरेपर्यंत विसरणार नाही.

त्या दिवशी काकांनी माझ्याकडून पूर्ण लेबर घेतलं, आणि ते योग्यच होतं. त्यांची एकच अट असते : "स्वतः करा, नाहीतर आणून द्या. पण अर्धवट खोलून आणू नका." मालकच कामं करायला लागले तर मिस्त्रीच्या पोटावर पाय येईल, असं काहींना वाटतं. काकांना विचारलं तर त्यांना या गोष्टीची चिंता नाही. फिल्टरच्या शंभर रुपयांवर त्यांचं गॅरेज चालत नाही. ते चालतं क्लचवर, सस्पेन्शनवर, एसीच्या गळतीवर. त्यांची चिंता वेगळी आहे, तिच्याकडे येते.

त्याआधी 'हात काळे' याबद्दल. आपल्या शिकलेल्या घरांत हाताने केलेल्या कामाला एक पायरी खाली बसवण्याची जुनी खोड आहे, आणि ती कुठून आली हे सांगायला नको. कामं जातींत वाटली गेली आणि ग्रीस लागलेला हात कुणाचा असावा हे जन्मावर ठरलं. त्याच सवयीने आजही तीस वर्षं अनुभव असलेल्या मिस्त्रीला ग्राहकाचा कॉलेजात जाणारा मुलगा अरे-तुरे करतो. याविरुद्ध आपल्याच भूमीत मोठी माणसं उभी राहिली आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलच्या दुकानाने. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, तिचा गाभाच हा होता की शिक्षण हाताच्या कामातून द्यावं. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तिथे मुलं वेल्डिंग, वायरिंग, शेती करत विज्ञान शिकतात. आणि आमच्या शाळेतला 'कार्यानुभव'? कागदाची फुलं. एखाद्या मोठ्या शाळेने बंद पडलेली एक गाडी आवारात आणून ठेवली आणि नववीच्या मुलामुलींना तिचं चाक काढायला लावलं, तर दाब, तरफ, घर्षण, उष्णता हे सगळे धडे तिथेच आहेत. माझ्या वडिलांना त्या बँकेच्या कॉलरखाली हे सगळं येत होतं. एका पिढीत ते आमच्या घरातून गेलं, आणि मला ते चाळिशीत परत मिळवावं लागलं.

आता मिस्त्रीकाकांची चिंता. एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्या बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या कडक निकषांच्या, आहेत. इंजिनातले बरेचसे बिघाड संगणक नोंदवतो, आणि स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की ते वाचता येतात. इथपर्यंत चांगलंच आहे. काकांनी स्कॅनर घेतला आहे, आणि माझ्याकडेही मोबाइलला जोडणारं एक साधं उपकरण आहे. मागच्या वर्षी इंजिनचा पिवळा दिवा लागला तेव्हा त्याने ऑक्सिजन सेन्सरचा कोड दाखवला आणि मला तासाभरात कळलं की गाडी रस्त्यात सोडून टो करायची गरज नाही. पण कोड वाचणं निराळं आणि संगणकाच्या आत जाणं निराळं. नवी किल्ली गाडीला ओळख करून द्यायची, बदललेला कंट्रोलर चालू करायचा, काही महागड्या गाड्यांत तर नुसती बॅटरी बदलल्यावर तिची नोंद करायची, या सगळ्याला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. ते काकांना मिळत नाही. गेल्या दिवाळीत एक गाडी त्यांनी पूर्ण दुरुस्त केली आणि शेवटच्या दहा मिनिटांच्या कोडिंगसाठी ती टो करून सर्व्हिस सेंटरला पाठवावी लागली. ग्राहकाला वाटलं, मिस्त्रीला काम येत नाही.

हा प्रश्न आपल्या देशात एकदा निकालापर्यंत पोहोचला होता, हे फार थोड्या गाडीवाल्यांना माहीत आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण हेच : सुटे भाग खुल्या बाजारात न देणं, तपासणीची साधनं आणि माहिती बाहेरच्या गॅरेजांपासून दूर ठेवणं. आयोगाचा युक्तिवाद मला फार पटतो. गाडी घेताना ग्राहकासमोर दहा कंपन्या असतात. पण एकदा घेतली की त्या गाडीच्या भागांसाठी बाजारात एकच दुकानदार उरतो. आयोगाने असंही बजावलं, की बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. मग कंपन्या अपिलात गेल्या, न्यायालयांत गेल्या, वर्षं गेली. आजही काउंटरवर 'बाहेर हात लावलात तर वॉरंटी जाईल' हे वाक्य बिनदिक्कत ऐकू येतं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मतदारांनी २०१२ साली दुरुस्तीच्या हक्काचा कायदा मतपेटीतून मंजूर केला. त्या दबावाने २०१४ साली मोटार कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती देशभर खुली करण्याचा करार केला. योगायोग असा, की आपल्या स्पर्धा आयोगाच्या दंडाचं सालही तेच होतं. तिथल्या मावसभावाला जी माहिती पैसे भरून का होईना मिळते, ती धनकवडीच्या काकांना पैसे देऊनही मिळत नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने याच हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं तिने धरली, त्याच डिसेंबरमध्ये संकेतस्थळ निघालं. हे पाऊल योग्य दिशेने आहे. पण संकेतस्थळावर सेवा केंद्रांचे फोन नंबर देणं वेगळं आणि 'माहिती व साधनं वाजवी किमतीत द्यावीच लागतील' असं कायद्यात लिहिणं वेगळं. मला दुसरं हवं आहे. आणि वॉरंटी नाकारायची असेल तर बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर टाकलेली हवी आहे.

कंपन्यांचा एक मुद्दा मात्र मी मान्य करते : सुरक्षितता. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला घरी हात लावू नये. इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी केबलमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट असतात, तिथे उत्साहाला जागा नाही. पण धोका असलेल्या कामासाठी उपाय असतो प्रशिक्षण आणि परवाना. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तिथे हे शिकवा, प्रमाणपत्र द्या, आणि ते ज्याच्याकडे आहे त्याला सॉफ्टवेअर द्या. घरच्या वायरिंगला परवानाधारक वायरमन चालतो, तसाच इथे चालेल.

राहता राहिलं सोसायटीचं. कमिटीचा एक आक्षेप खरा आहे. जळकं ऑइल गटारात गेलं तर ते नदीत जातं, आणि त्यात धातूंचे कण असतात. केंद्राच्या घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनुसार हा घातक कचरा आहे, तो अधिकृत पुनर्प्रक्रियेला गेला पाहिजे. मी माझं ऑइल जुन्या डब्यात भरून काकांच्या ड्रममध्ये ओतते. पण तो ड्रम भरल्यावर अनेकदा बांधकामाच्या सेंट्रिंगवाल्याकडे, काँक्रीट चिकटू नये म्हणून प्लेटांना लावायला जातो, हेही मला माहीत आहे, आणि ते बरोबर नाही. महापालिका ई-कचरा गोळा करते, त्याच गाडीत जळक्या ऑइलचा एक डबा ठेवायला काय हरकत आहे?

वार्षिक सभा सप्टेंबरात आहे. मी लेखी ठराव दिला आहे. पंप रूमशेजारचा एक गाळा रविवारी सकाळी आठ ते बारा खुला असावा. खाली ट्रे सक्तीचा. डेंटिंग, पेंटिंग, वेल्डिंग बंद. ऑइल, कूलंट, बॅटरी यांतलं काहीही आवारात टाकायचं नाही, टाकल्यास दंड. जॅक-स्टँडची एक जोडी मी सोसायटीला देणार. आणि महिन्यातून एका रविवारी मिस्त्रीकाका येतील, त्यांचं मानधन वर्गणीतून, ज्याला शिकायचं असेल त्याने यावं, मुलांनाही आणावं. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा अजून मोकळी आहे.